शनिवार, दुपारी तीन: लंडनमध्ये नॉन-लीग फुटबॉल बघायला जाताना

लंडनला आमच्याकडे कुणी पाहुणा आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, "आर्सेनलचं तिकीट मिळेल का रे?" मिळतं की. आधी सभासद व्हायचं, मग तिकिटासाठी ऑनलाइन ताटकळायचं, मग पन्नास-साठ पौंड मोजायचे आणि शेवटी वरच्या मजल्यावरून मुंग्यांएवढे खेळाडू बघायचे. ज्याला स्टेडियमसमोर फोटोच काढायचाय त्याला मी अडवत नाही. ज्याला फुटबॉल बघायचाय त्याला मात्र मी ईस्ट डलिचला घेऊन जातो, डलिच हॅम्लेट या छोट्या क्लबच्या मैदानावर. तिथं कठड्याला टेकून उभं राहता येतं, लाइन्समनची पाठ हातभर अंतरावर असते आणि बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, चुकला की गोलकीपर त्याला काय बोलतो ते शब्दन् शब्द ऐकू येतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींचे सामने बघत वाढलो, त्यामुळे फुटबॉल म्हणजे खेळाडू ओळखीचा असणं आणि शेजारचा माणूस त्याच्या तीन पिढ्या सांगत असणं, ही माझी व्याख्या. लंडनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी टीव्हीवरच मॅच बघायचो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. ते काय होतं हे नॉन-लीगच्या मैदानावर कळलं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना घेऊन गेलोय, आणि प्रत्येक वेळी तीच माहिती सांगावी लागते म्हणून ती इथे एकदाच लिहून टाकतो.

नॉन-लीग म्हणजे नेमकं काय

नाव फसवं आहे. 'लीगबाहेरचा' म्हटलं तरी इथे लीगच लीग आहेत. नावातली 'लीग' म्हणजे 1888 साली सुरू झालेली फुटबॉल लीग. आज प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग मिळून 92 क्लब होतात, त्यांच्याखालचं सगळं नॉन-लीग. त्याचीही उतरंड आहे आणि तिच्या पायऱ्यांना इथे 'स्टेप' म्हणतात. स्टेप 1 म्हणजे नॅशनल लीग. तिथून वर फुटबॉल लीगमध्ये जाण्याची वाट 1987 पासून उघडली. त्याआधी वरच्या क्लबांनी मतं देऊन आत घेतलं तरच प्रवेश मिळायचा, आणि आपल्यातल्याच एकाला बाहेर काढून नव्याला घ्यायची हौस कुणाला असणार!

स्टेप 2 पासून विभाग भौगोलिक होत जातात. स्टेप 3 ला चार विभाग, स्टेप 4 ला आठ, आणि त्याखाली जिल्हा पातळीपर्यंत पसारा. खेळाडू बहुतेक अर्धवेळ. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी दोन दिवस सराव, शनिवारी सामना. त्यातून एखादा वर जातो. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून खेळायचा. 2012 मध्ये फ्लीटवुडकडून लेस्टरला गेला आणि 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकला. असे किस्से मैदानावर फार ऐकायला मिळतात. त्यातले अर्धे "त्याला मी तेव्हाच ओळखलं होतं" असे सुरू होतात.

कोणत्या स्टेपचा सामना निवडायचा

पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्टेप 3 किंवा 4 घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. स्टेप 1 ला बरेच क्लब पूर्णवेळ व्यावसायिक, पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना वेगळं कोंडलेलं आणि बिअरचा ग्लास घेऊन मैदानाकडे फिरकायचं नाही. फार खाली, स्टेप 6 ला गेलात तर पन्नास-साठ माणसं असतील आणि चहाची टपरी उघडी असेलच असं नाही. मला तेही आवडतं, पण पाहुण्याला पहिल्याच दिवशी नको. स्टेप 3 ला आवाज करायला पुरेशी माणसं असतात आणि फिरायला पुरेशी मोकळी जागाही.

डलिच हॅम्लेट 2023 मध्ये घसरून स्टेप 3 ला, म्हणजे इस्थमियन लीगच्या प्रीमियर विभागात आला. 1893 साली स्थापन झालेला क्लब, जर्सी गुलाबी आणि गडद निळी. मैदानाचं नाव चॅम्पियन हिल, क्षमता साधारण तीन हजार. या पातळीला तिकीट दहा ते पंधरा पौंडांच्या घरात असतं. बाकीकडे गेटवर पैसे देऊन आत जाता येतं, डलिचला मात्र गर्दी असते. दोन दिवस आधी ऑनलाइन काढून ठेवा. गेटवरही बऱ्याच ठिकाणी आता फक्त कार्ड चालतं. तरी खिशात थोडी चिल्लर ठेवा, कशासाठी ते पुढे येईल.

तारीख

हंगाम ऑगस्टपासून एप्रिलअखेरपर्यंत. शनिवारी दुपारी तीन ही खरी वेळ. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कोणताही फुटबॉल सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. माणसं घरी बसून मोठे क्लब बघतील आणि छोट्या मैदानांवर कुत्रंही फिरकणार नाही, या भीतीपोटी हा नियम अनेक दशकं टिकून आहे. म्हणजे तुम्ही त्या कठड्याला टेकता ते थोडंफार या नियमाच्या कृपेनं.

सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल उत्तम. डिसेंबरात चारच्या आसपास अंधार पडतो आणि दुसरा हाफ दिव्यांखाली होतो. त्याचीही मजा आहे, पण थंडीची किंमत देऊन. मंगळवारी रात्री पावणेआठचे सामनेही असतात. ऑफिसमधून थेट जाणाऱ्यांसाठी ठीक, दिवसभराच्या सहलीसाठी नाही.

दोन तारखांवर लक्ष ठेवा. एक, एफए कपच्या, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, पात्रता फेऱ्या. ऑगस्टपासून सुरू होतात आणि नोव्हेंबरातल्या मुख्य पहिल्या फेरीपर्यंत टिकलेला छोटा क्लब त्या बक्षिसाच्या पैशावर वर्षभराचा खर्च काढतो, त्यामुळे खेळाडू जिवावर उदार होऊन खेळतात. दोन, नॉन-लीग डे. 2010 मध्ये सुरू झालेला हा दिवस आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वरच्या लीग थांबतात अशा एखाद्या शनिवारी ठेवतात, म्हणजे मोठ्या क्लबांचे चाहते मोकळे असतात. वातावरण झकास, पण गर्दी आमच्यासारख्या पाहुण्यांचीच जास्त. घरचं जेवण जेवायचं असेल तर लग्नाच्या दिवशी जाऊ नये, तसं.

सकाळी उठल्या उठल्या

आधी क्लबचं सोशल मीडियाचं पान बघा. या पातळीवर मैदानात पाणी साचलं किंवा जमीन गोठली की सामना पुढे ढकलतात आणि निर्णय कधीकधी दुपारी बारा-एकला होतो. रेफ्री मैदानात येतो, चेंडू टाकून बघतो, उसळला नाही की मान हलवतो. मी एकदा जानेवारीत दीड तास प्रवास करून एका गावात पोचलो. गेटला कुलूप, कुलपाला दोरीनं बांधलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मार्करनं एकच शब्द: 'ऑफ'. शेजारी माझ्यासारखाच आलेला पाहुण्या संघाचा एक म्हातारा. दोघांनी मिळून थर्मासमधला चहा संपवला आणि परतीची गाडी धरली. तेव्हापासून निघण्याआधी एकदा आणि गाडी बदलताना एकदा, असं दोनदा बघतो. जानेवारी-फेब्रुवारीत धोका नको असेल तर कृत्रिम गवताचं मैदान असलेला क्लब शोधा, तिथं सामना सहसा रद्द होत नाही.

रेल्वेचंही बघा. वीकएंडला रुळांची कामं काढायची इथल्या रेल्वेला भारी हौस.

कपड्यांबद्दल एकच सांगतो: अंगापेक्षा पाय सांभाळा. जॅकेट सगळेच घालून येतात. गारठा चढतो तो काँक्रीटच्या पायऱ्यांमधून, तळव्यांतून. जाड लोकरी मोजे, जाड तळाचे बूट. फारच थंडी असेल तर पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकून उभं राहायचं, ही इथल्या म्हाताऱ्यांची युक्ती, आणि मी तिची टिंगल करणं कधीच सोडलंय. छत्री नको, मागच्याला दिसत नाही. टोपीचं जॅकेट घ्या.

मैदानापर्यंत

लंडन ब्रिजहून ईस्ट डलिचला गाडी बारा-तेरा मिनिटांत पोचते. पण पूर्ण दिवस हाताशी असेल तर सकाळी एक स्टेशन पुढे, नॉर्थ डलिचला उतरा. तिथून दहा-बारा मिनिटांवर डलिच पिक्चर गॅलरी आहे. सर जॉन सोन यांनी आराखडा केलेली, 1817 मध्ये खुली झालेली ही इंग्लंडमधली लोकांसाठी मुद्दाम बांधलेली पहिली चित्रशाळा. तिकीट आहे. छतातून उजेड आत घ्यायची त्यांची पद्धत बघायला तरी तासभर द्या. मग चालत लॉर्डशिप लेनकडे या, बाजूच्या नॉर्थ क्रॉस रोडवर शनिवारचा बाजार भरतो. तिथंच पोटभर खाऊन घ्या, कारण मैदानावर शाकाहाऱ्याला बरेचदा चिप्सवर (इथे चिप्स म्हणजे फ्रेंच फ्राइज) भागवावं लागतं.

दोन वाजेपर्यंत मैदानावर पोचायचं. ईस्ट डलिच स्टेशनपासून डॉग केनेल हिलच्या चढावर पाचेक मिनिटं, मोठ्या सुपरमार्केटच्या अलीकडे-पलीकडे गुलाबी मफलर दिसायला लागतात. जुनं मैदान त्या सुपरमार्केटच्या जागेवर होतं; आताचं 1992 मध्ये उघडलं. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये जुन्या चॅम्पियन हिलवर दक्षिण कोरियानं मेक्सिकोला 5-3 असं हरवलं होतं. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला एडगर केल यांचं नाव आहे. हा माणूस हौशी खेळाडू म्हणून सगळी कारकीर्द डलिचकडून खेळला, आणि 1929 मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळून आला. पहिल्याच सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोन गोल. नॉन-लीग क्लबमधून थेट इंग्लंडच्या संघात गेलेल्या शेवटच्या मोजक्या खेळाडूंपैकी तो एक. त्याला खेळताना पाहिलेलं आज कुणी नसेल, तरी त्याचं नाव घेऊन पोरं दर सामन्यात गातात.

आत गेल्यावर

फिरत्या गेटातून आत गेलात की पहिल्यांदा प्रोग्रॅम, म्हणजे सामन्याची छापील पुस्तिका मिळते का बघा. काही क्लबांनी आता ती मोबाइलवर नेलीय, त्याचं मला दुःख आहे. छापील असेल तर मागच्या पानावर दोन्ही संघांची यादी असते. पावणेतीनला स्पीकरवरून अकरा नावं सांगतात आणि आजूबाजूची म्हातारी मंडळी खिशातून पेन काढून त्या यादीत खुणा करत जातात. बदललेलं नाव खोडून वर नवं लिहायचं. तुम्हीही करा. चाळीस अनोळखी नावांपैकी निदान बावीस तरी डोळ्यांखालून जातात.

ती चिल्लर आता काढा. डब्यातून 'गोल्डन गोल'चं तिकीट घ्यायचं, आत एक मिनिट लिहिलेलं असतं. पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस तुमचं. किंवा फिफ्टी-फिफ्टी सोडत: जमलेल्या पैशातला अर्धा विजेत्याला, अर्धा क्लबला. मला आजवर काहीही लागलेलं नाही.

बसू नका, फिरा

या सगळ्या लेखातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. पहिल्या वेळी मी शहाण्यासारखा मुख्य स्टँडमध्ये खुर्ची धरून बसलो. शेजारचे आजोबा दहा मिनिटं माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही तिकिटाचे पैसे दिलेत ना? मग सगळं मैदान तुमचंय." आणि मला घेऊन उठले.

पहिली वीस मिनिटं डगआउटच्या (प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू बसतात त्या जागेच्या) जवळ, कठड्याला टेकून उभे राहा. फुटबॉल किती बोलका खेळ आहे हे तिथं कळतं. टीव्हीवर कॉमेंट्रीखाली दबलेलं सगळं इथे उघडं पडतं. "मॅन ऑन!" म्हणजे मागून कुणीतरी आलाय, चेंडू लगेच सोड. "टाइम!" म्हणजे कुणी नाही, वळ निवांत. "सेकंड बॉल!" म्हणजे हेडर झाल्यावर जो चेंडू खाली पडेल त्यावर तुटून पडा. दोन सेंटर-बॅक नव्वद मिनिटं एकमेकांशी नांदणाऱ्या नवरा-बायकोसारखे बोलत असतात. आणि टॅकलचा आवाज! बूट, चेंडू, नडगी यांचा एकत्र 'थप्प', मग क्षणभर शांतता, मग रेफ्रीच्या नावानं ठणाणा. आमच्याकडे "मागं बघ की लेका!" असं गॅलरीतून ओरडायचे, इथे ते काम खेळाडू स्वतःच करतात.

मग गोलपोस्टमागे जा. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतोय त्याच्यामागे घरचे चाहते गोळा होतात आणि हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या की ढोल-झेंड्यांसकट सगळा लवाजमा मैदानाला वळसा घालून पलीकडे जातो. दिंडी निघाल्यासारखी. तिच्यात मिसळून जा, कारण चालता चालता गप्पा होतात आणि चहाची रांगही वाटेतच लागते. पाहुण्या क्लबचे चाहते वेगळे कोंडलेले नसतात, त्यामुळे दोन्ही दिंड्या मधेच एकमेकींना भेटतात. त्या टोमण्यांसाठी इंग्रजीचा वेगळा शब्दकोश लागतो. मुलं बरोबर असतील तर शिव्या कानावर पडणार हे धरून चाला.

शेवटची दहा मिनिटं लाइन्समनच्या मागे काढावीत. ऑफसाइडच्या रेषेत उभं राहिल्यावर कळतं की तो निर्णय किती अवघड असतो, आणि तरीही तुम्ही ओरडताच. चेंडू कठड्यापलीकडे आला तर उचलून हातानं द्या. पायानं परत मारायचा मोह आवरा. एकदा मी मारला, तो गोलकीपरऐवजी चहाच्या खिडकीत गेला.

खाणं-पिणं

या पातळीवर मैदान दिसेल अशा जागी उभं राहून बिअर पिता येते. 1985 चा कायदा व्यावसायिक सामन्यांना ते करू देत नाही, स्टेप 3 त्याच्या कक्षेत येत नाही. प्लास्टिकच्या ग्लासात घ्यायची, काच आतच ठेवायची. चहा, बर्गर, चिप्स, चीज घातलेले चिप्स हे सगळीकडे. बीफ वर्ज्य असणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्या. 'बॉव्हरिल' नावाचं गरम काळं पेय लोक चहासारखं पिताना दिसतील, ते बीफचा अर्क आहे. आणि 'पाय' (pie, सारण भरून भाजलेली पेस्ट्री) घेताना आत काय आहे हे विचारून घ्या. विचारण्यात संकोच नको, खिडकीपलीकडे बहुधा क्लबच्याच कुणाची तरी आई किंवा काकू असते, ती सगळं नीट सांगते.

आपण चेहऱ्यानं उठून दिसतो, म्हणून बरेच जण मला हळूच विचारतात, "त्रास नाही ना होत?" डलिचला मला कधी झाला नाही. कुठे काही कानावर आलंच तर तिथल्या तिथं पिवळ्या जॅकेटातल्या स्ट्यूअर्डला, म्हणजे मैदानावरची व्यवस्था बघणाऱ्याला, सांगायचं. गप्प बसून सोसायचं नाही.

शिट्टीनंतर

लगेच स्टेशनकडे पळू नका. अर्ध्या तासात खेळाडू आंघोळ करून क्लबहाउसच्या बारमध्ये येतात आणि ज्याला तुम्ही पाऊण तास नावं ठेवली तो तुमच्या शेजारी ग्लास घेऊन उभा राहतो. डलिचला इथे कुणाशीही बोललात तरी 2018 चा विषय निघतो. त्या मार्चमध्ये जमीनमालकांशी झालेल्या वादातून क्लबला स्वतःच्याच मैदानाबाहेर काढलं. उरलेला हंगाम ते टूटिंग अँड मिचम या जुन्या शेजारी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळले, आणि त्याच हंगामात प्लेऑफ (बढतीसाठी हंगामाअखेरीस होणारे बाद सामने) जिंकून वरच्या स्टेपला चढले. डिसेंबरात घरी परतले. ही गोष्ट वाचण्यात मजा नाही, बारमध्ये तिसऱ्या ग्लासाला ऐकण्यात आहे.

पुढच्या खेपेला

डलिच आवडलं तर दुसरा शनिवार इलफर्डसाठी ठेवा. एलिझाबेथ लाइननं सेव्हन किंग्ज स्टेशन, तिथून थोडं चालत क्रिकलफील्ड. फुटबॉलसाठी म्हणाल तर मी या मैदानाची शिफारस करणार नाही. भोवती धावपट्टी आहे, त्यामुळे कठड्यापासून खेळ लांब पडतो आणि वर सांगितलेलं सगळं ऐकू येणं निम्म्यावर येतं. तरी जा. 31 जुलै 1948 ला स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमधला पहिला सामना इथं फ्रान्सशी खेळला. कर्णधार तालिमेरेन आओ, बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामनच्या गोलनं बरोबरी साधली, दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना 1-2 असा गेला.

मी गेलो तो नोव्हेंबरचा शनिवार होता. दोन जोड मोजे घालूनही अंगठे बधिर झाले होते. हाफटाइमला चहा घेऊन पेनल्टीच्या ठिपक्याच्या समोर कठड्याशी जाऊन उभा राहिलो, तर शेजारच्या माणसानं विचारलं, "तिकडे काय बघताय? मॅच तर थांबलीय." त्याला सगळं सांगितलं. त्यानं थोडा वेळ गवताकडे बघितलं आणि विचारलं, "दोन्ही पेनल्टी याच बाजूला का?" तेवढं मात्र मला सांगता आलं नाही.